एका पेपरचे दहा पेपर कसे होतात: सर्क्युलेशनवाल्याचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता. इंदूरचाच एक एमबीएचा मुलगा विचारतोय की रूपर्ट मर्डोकच्या न्यूज कॉर्प या मीडिया कंपनीवर प्रेझेंटेशन द्यायचंय, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडसारख्या गावातल्या एका संध्याकाळच्या पेपरापासून निघालेली कंपनी तीन खंडांत कशी पसरली, सरांनी फळ्यावर 'व्हिजन आणि कंटेंट' लिहून दिलंय ते काही पटत नाहीये. आणि शेवटी हळूच असंही विचारलंय की एका छोट्या पेपर ग्रुपची ट्रेनीची ऑफर आलीये, ते म्हणतात पाच वर्षांत चार राज्यं आणि मग दुबई, तर असं खरंच होतं का.

आधी माझी ओळख. इंदूरच्या एका हिंदी पेपरमध्ये ३१ वर्षं सर्क्युलेशनमध्ये, म्हणजे पेपर विकायच्या आणि पोचवायच्या खात्यात होतो. म्हणजे संपादकीयच्या मजल्यावर मी फक्त चहाला जायचो, माझं जग खाली, मशीनच्या बाजूला, गठ्ठे, टॅक्स्या, एजंटांची उधारी आणि हॉकर लोकांच्या शिव्या. त्यामुळे माझं उत्तर खालून वर बघितलेलं आहे, संपादक लोक वेगळं सांगतील आणि त्यांचंही काही खोटं नसेल. आणि तू माझ्या भाच्याच्या वयाचा दिसतोस म्हणून सरळ 'तू'च म्हणतो, राग मानू नको.

तुझा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. पेपर कसा वाढला हे तू विचारतोयस, पण पेपर फारसा वाढतच नाही भिया. ॲडलेडचा पेपर ॲडलेडातच राहतो, इंदूरचा माळव्यातच. वाढते ती त्याच्यामागची कंपनी, आणि ती त्या पेपरच्या जिवावर दुसरं काहीतरी विकत घेऊन वाढते. म्हणजे विचारायचं असं की जुन्या पेपरमधून सुटलेला पैसा कुठं लावला, कोणाचं कर्ज घेऊन लावला, आणि तो चुकला तेव्हा कंपनी वाचली कशी. हे तीन सापडले की न्यूज कॉर्प काय आणि आपल्या इथला ग्रुप काय, गोष्ट सारखीच दिसायला लागते.

पैसा सुटतो कसा ते आधी बघ. पेपरची पहिली कॉपी सगळ्यात महाग. रिपोर्टर, उपसंपादक, मशीन, बिल्डिंग, वीज, हे सगळं त्या पहिल्या कॉपीवर पडतं, मग दुसरीपासून फक्त कागद, शाई आणि हॉकरचं कमिशन. एकदा पेपर गावात बसला, की गावातल्या साडीवाल्याला, सोनाराला, सिनेमावाल्याला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही, जाहिरात तुमच्याकडेच येते, दर तुम्ही ठरवता. जुन्या काळात ज्या शहरात एकच तगडा पेपर होता तिथं मालक रोज सकाळी गल्ला उघडून बसल्यासारखा होता. आणि बँकेला अशी रोज येणारी रोकड दिसली की ती कर्ज द्यायला स्वतःहून येते.

आता ॲडलेड. १९५२ साली कीथ मर्डोक वारले तेव्हा त्यांचा मुलगा रूपर्ट २१ वर्षांचा, ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. वडील मोठे पत्रकार, मेलबर्नच्या हेरल्ड ग्रुपचे सर्वेसर्वा, पण तिथले ते मालक नव्हते, चालवणारे होते, हे लोक विसरतात. स्वतःची मालकी थोडीच, आणि त्यातला ब्रिस्बेनच्या पेपरचा हिस्सा कर आणि देणी भागवायला विकावा लागला. हातात उरला ॲडलेडचा 'द न्यूज', दुपारनंतर निघणारा, आणि समोर सकाळचा 'ॲडव्हर्टायझर' पहाडासारखा. म्हणजे गरिबीतून वर आला वगैरे नाही, पण साम्राज्य आयतं मिळालं असंही नाही. प्रेझेंटेशनमध्ये दोन्हीपैकी एक अतिशयोक्ती सगळे करतात, तू करू नको.

पुढचं सरळ आहे. त्या पेपरची कमाई दाखवून बँकेचा पैसा घेतला, १९५६ मध्ये पर्थचा रखडलेला 'संडे टाइम्स' घेतला. पर्थ ॲडलेडपासून दोन हजार किलोमीटरहून लांब, वाचक एकमेकांना ओळखत नाहीत, बातम्या वेगळ्या. मग काय गेलं तिथं? पद्धत गेली. मथळे मोठे, स्पर्धा, बक्षिसं, खर्चावर नजर. १९६० मध्ये सिडनीचा 'डेली मिरर', तोही दुसऱ्यांनी नकोसा म्हणून विकलेला. १९६४ मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' काढला, देशभराचा पहिला सर्वसाधारण दैनिक पेपर, आणि हा मात्र विकत घेतलेला नव्हता, शून्यातून काढलेला होता, तर तो कितीतरी वर्षं तोट्यातच चालला. कॅनबेराहून छपाईचे साचे विमानानं सिडनी-मेलबर्नला पाठवायचे आणि कॅनबेरात धुकं पडलं की विमान अडलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण जानेवारीत ए.बी. रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावर, धुकं पडलं की आमची गाडी देवासच्या पुढे अडायची आणि एजंटचे फोन सुरू व्हायचे. सर्क्युलेशनवाल्याचं नशीब जगात सगळीकडे सारखंच. तर मुद्दा असा, की तो ऑस्ट्रेलियन तोट्यात असताना तगला कारण खाली चवचाल पेपर पैसा कमवत होते. प्रतिष्ठेचा पेपर वर आणि त्याची फी भरणारा पेपर खाली, ही जोडी या कंपनीत शेवटपर्यंत दिसते.

आता जो भाग मला सगळ्यात आवडतो, आणि तुझ्या सरांनी बहुतेक एका ओळीत उडवला असेल, तो म्हणजे १९६९. जानेवारीत लंडनचा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' ताब्यात घेतला, रॉबर्ट मॅक्सवेलही मागे लागला होता, त्याला हरवून. खप ६० लाखांच्या आसपास, पण पेपर फक्त रविवारचा. विचार कर, एवढ्या प्रचंड मशिन्स, एवढी माणसं, आणि आठवड्यातल्या एका रात्रीसाठी. बाकीचे सहा दिवस लोखंड बसून. मशीनवाल्या माणसाला हे बघून झोप येत नाही, मी सांगतो तुला. त्याच वर्षी आयपीसी नावाची कंपनी 'द सन' नावाचा एक तोट्यातला दैनिक पेपर विकायला काढून बसली होती, खप आठ-नऊ लाखांपर्यंत उतरलेला. तो त्यानं स्वस्तात उचलला, आकार लहान केला, रविवारच्या मशीनवर बाकीचे दिवस तोच छापायला सुरुवात केली. मशीनचा खर्च आधीच निघत होता, त्यामुळे सनला नफ्यात यायला जे डोंगर चढावे लागतात त्यातले अर्धे आधीच चढून झालेले. त्यात काय छापलं, उघड्या बायकांचे फोटो वगैरे, त्याबद्दल माझं मत चांगलं नाही, घरी आणायचा पेपर नव्हे तो. पण १९७८ पर्यंत त्यानं ब्रिटनचा सगळ्यात मोठा 'डेली मिरर' (सिडनीचा नव्हे, लंडनचा) खपात मागे टाकला. पुढची कितीतरी वर्षं बाकीची सगळी खरेदी या एका पेपरच्या पैशावर झाली म्हटलं तरी फार चूक नाही.

तुला हे इथलं उदाहरण देऊन सांगतो. आमची मशीन रात्री अकराला चालू व्हायची, आधी बाहेरगावचं डाक एडिशन, खंडवा, खरगोन, झाबुआ, मग उज्जैन-देवास, शेवटी सिटी. साडेतीनला बंद. मग दिवसभर ती बाई झोपलेली. आमच्या एका जनरल मॅनेजरनं दिवसा शाळेची पुस्तकं, निवडणुकीतले पत्रकं, दुसऱ्या एका साप्ताहिकाचं जॉबवर्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा संपादकीयवाले नाकं मुरडायचे, पण त्या वर्षी बोनस कुठून आला ते कोणी विचारलं नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण ती माझ्या अंगावर आलेली आहे. नव्वदच्या दशकात आमच्या मालकांना वाटलं की आपणही माळव्याबाहेर जावं. एका लांबच्या शहरात एडिशन काढायचं ठरलं, मला सर्क्युलेशन जमवायला सहा महिने आधी पाठवलं, धर्मशाळेत राहून मी हॉकर जमवून राहिलो होतो. घरोघरी जाऊन बुकिंग केलं, वर्षभराचे पैसे द्या आणि प्लास्टिकची खुर्ची घ्या, अशी स्कीम. बुकिंग जोरात झालं. लाँचच्या दिवशी मी पोस्टर लावलेल्या जीपमधून फिरलो, बायकोला फोन करून सांगितलं की आता इथंच बदली होते बघ. आणि मग लक्षात आलं की जाहिरात जमवायला तिथला माणूसच नेमलेला नाही, नेमलेत ते दोघं इंदूरचे, त्यांना तिथल्या बाजारात कोण ओळखतं. नवी मशीन कर्जावर, कागदाचे भाव त्याच वर्षी चढले, आणि प्रत्येक कॉपीमागे आम्ही पदरचे घालून राहिलो. म्हणजे खप जितका वाढे तितका तोटा वाढे, आणि मी वाढवत होतो! सोळा महिन्यांत बंद. खुर्च्या लोकांकडे राहिल्या. उरलेला पेपर रद्दीत घालताना रद्दीवाल्यानं मला विचारलं की साहेब, छापता कशाला, कोराच विका, भाव जास्त येईल. तेव्हा अपमान वाटला होता, आता वाटतं तो आमच्या बोर्डवर असायला हवा होता.

म्हणून 'मर्डोकला दूरदृष्टी होती' असं कोणी म्हणालं की मी विचारतो, दृष्टी ठीक आहे, पण पहिल्या दिवशी मशीन कोणाची होती आणि जाहिरात कोण आणत होतं?

मग लंडनचा 'टाइम्स'. १९८१ मध्ये 'द टाइम्स' आणि 'संडे टाइम्स' त्यानं घेतले ते थॉमसन यांच्या कंपनीकडून. ती कंपनी कामगार संघटनांशी भांडून इतकी दमली होती की १९७८-७९ मध्ये जवळजवळ वर्षभर दोन्ही पेपर बंदच ठेवावे लागले होते. भांडण कशाचं, तर कॉम्प्युटरवर मजकूर कोणी टाइप करायचा याचं. १९८६ च्या जानेवारीत मर्डोकनं काय केलं, तर लंडनच्या पूर्वेला वॉपिंगला गुपचूप उभारलेल्या नव्या प्लांटमध्ये चारही पेपर हलवले, संपावर गेलेल्या पाच-सहा हजार लोकांना काढून टाकलं, आणि पत्रकार स्वतःच मजकूर टाइप करायला लागले. वर्षभर गेटवर निदर्शनं, पोलीस, मारामाऱ्या. यात माझ्यासारख्याला दिसतं ते वेगळं. तोपर्यंत लंडनचे पेपर रेल्वेनं देशभर जायचे आणि रेल्वेच्या संघटना छपाईवाल्यांना साथ देतील ही भीती होती. म्हणून त्यानं आधीच टीएनटी कंपनीचे ट्रक ठरवून ठेवले, गठ्ठे रस्त्यानं गेले. पेपर छापणं ही अर्धी गोष्ट, तो सहाच्या आत दारात पडणं ही उरलेली अर्धी, हे ज्याला कळलं तो तिथं जिंकला. त्यानंतर खर्च एवढा खाली आला की पुढच्या सगळ्या उड्या तिथूनच निघाल्या.

पण हे कौतुकानं सांगतोय असं समजू नको. आमच्याकडे ऑफसेट छपाई आली तेव्हा खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवणारे लोक होते, त्यात रामबागेतले एक काका, उलटा मजकूर सरळ वाचतो तसा वाचायचे, ऱ्हस्व-दीर्घाची चूक संपादकाच्या आधी पकडायचे. आमच्या मालकांनी त्यांना पेस्टिंगला बसवलं, काढलं नाही, पण ते मनातून गेले ते गेलेच. वॉपिंगच्या गेटबाहेर असे हजारो उभे होते. तुझ्या चार्टवर तो नफ्याचा बाण वर जाताना दिसेल, त्याच्याखाली हे आहेत.

अमेरिकेत तो १९७३ मध्येच पोचला होता, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे पेपर घेऊन, १९७६ मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'. पण खरी कंपनी बदलली १९८५ मध्ये. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स हा स्टुडिओ आणि मोठ्या शहरांतली टीव्ही स्टेशनं. तिथला कायदा परदेशी माणसाला टीव्ही स्टेशनची मालकी देत नव्हता, म्हणून याने नागरिकत्वच बदललं, अमेरिकन झाला. कायदा आड आला की धंदा कुठल्या दारानं शिरतो याचं आपल्याकडचं उदाहरण तर अजून मजेशीर. भारतात १९५५ च्या मंत्रिमंडळ ठरावानं परदेशी मालकीच्या पेपरांना दार बंद होतं, ते थेट २००२ मध्ये २६ टक्क्यांपुरतं उघडलं. म्हणून ही पेपरवाली कंपनी आपल्याकडे पेपर घेऊन आलीच नाही, १९९३ मध्ये हाँगकाँगच्या स्टार टीव्हीचा मोठा हिस्सा घेतला आणि डिश अँटेनातून आपल्या बैठकीत येऊन बसली. रामबागेत केबलवाल्यानं वायर टाकली तेव्हा आमच्या घरी कोणाला माहीत होतं की याचं मूळ ॲडलेडच्या पेपरात आहे.

आता कर्ज, कारण त्याशिवाय हा केस स्टडी खोटा. १९८७ मध्ये वडिलांचाच जुना हेरल्ड ग्रुप विकत घेतला, पुस्तकांच्या कंपन्या घेतल्या, हार्पर आणि कॉलिन्स, त्या १९९० मध्ये एकत्र झाल्या, १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये स्काय टीव्ही सुरू केला जो दर आठवड्याला पैसे गिळत होता. हे सगळं उधारीवर. १९९० ला व्याजदर चढलेले, जाहिराती पडलेल्या, आणि कर्ज सात अब्ज डॉलरच्या वर, कर्ज दिलेल्या बँका दीडशेच्या आसपास, आणि त्या सगळ्यांनी मुदत वाढवून द्यायला 'हो' म्हणणं गरजेचं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका बँकेचे फक्त एक कोटी डॉलर होते, ती अडून बसली तर सगळा डोलारा जाणार अशी वेळ आली होती. शेवटी ती मानली. स्काय प्रतिस्पर्धी बीएसबीबरोबर १९९० च्या नोव्हेंबरात जोडून टाकला, काही मासिकं विकली, आणि कंपनी तरली. ती बँक मानली नसती तर आज तू हा केस स्टडी 'अति कर्जानं बुडालेल्या कंपन्या' या धड्यात वाचला असतास, आणि सरांनी तिथंही काहीतरी फळ्यावर लिहिलंच असतं. यात नशीब किती ते मोजता येत नाही, म्हणून मी म्हणतो की याचा फॉर्म्युला करू नको.

आणि हो, एक गोष्ट नक्की घाल. हेरल्ड ग्रुपबरोबर ॲडलेडचा तो पहाडासारखा 'ॲडव्हर्टायझर'ही हातात आला. मग एकाच गावात दोन पेपर ठेवता येईनात म्हणून जिथून सगळं सुरू झालं तो 'द न्यूज' विकला गेला, आणि १९९२ मध्ये तो बंद पडला. ज्या गायीच्या दुधावर घर उभं राहिलं ती गाय दुसऱ्याच्या गोठ्यात मेली. मी सुरुवातीला म्हटलं ना की पेपर वाढत नाही, कंपनी वाढते, ते हे.

चुकाही मोठ्या केल्या. २००५ मध्ये मायस्पेस ५८ कोटी डॉलरला घेतलं आणि २०११ मध्ये साडेतीन कोटींच्या आसपास विकलं. २००७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलवाली डाऊ जोन्स पाच अब्ज डॉलरला घेतली आणि दोनच वर्षांत तिची किंमत २.८ अब्जांनी कमी करून दाखवावी लागली. २०११ च्या जुलैत फोन हॅकिंगच्या भानगडीत १६८ वर्षांचा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' बंद केला. सत्तरच्या दशकात ज्याच्या मशीनवर सन छापला तोच. २०१३ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले, पेपर-पुस्तकं एकीकडे आणि सिनेमा-टीव्ही एकीकडे, आणि सिनेमा-टीव्हीचा बराचसा भाग २०१९ मध्ये डिस्नेनं ७१ अब्ज डॉलरला घेतला, आपला स्टारही त्यातच गेला.

मग पेपरवाली बाजू आज जगते कशावर? इथं छोट्या जाहिरातींचं बघ. रविवारी आमच्याकडे 'मकान किराये से देना है', 'वधू चाहिए', 'पुरानी मारुती' अशी पानं भरून यायची, चार ओळींचे पैसे रोख, उधारी नाही, संपादकाला काही लिहावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात याला सोन्याच्या नद्या म्हणायचे. मोबाइल आला आणि नदी आटली, आमच्याकडे तर मी डोळ्यानं बघितलं, सहा पानांची दोन पानं झाली आणि मग अर्ध्या पानावर आलं. पण न्यूज कॉर्पनं २००१ मध्येच तिथल्या घरांच्या जाहिरातींच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या वेबसाइटमध्ये हिस्सा घेऊन ठेवला होता. ती आरईए ग्रुप, आज त्या कंपनीच्या किमतीचा खूप मोठा भाग तीच आहे. ज्यानं पेपरची नदी आटवली त्याचाच बांध विकत घेऊन ठेवला. हे त्यांनी ठरवून केलं की लागून गेलं, मला दुसरं जास्त वाटतं.

हे सगळे असंच करतात असं नाही, माणसावर आणि देशावर आहे. ज्या रॉय थॉमसनच्या कंपनीनं टाइम्स विकला, ती कॅनडातल्या टिमिन्स नावाच्या खाणीच्या गावातल्या पेपरपासून १९३४ मध्ये निघाली होती, स्कॉटलंड, लंडन, मग उत्तर समुद्रातलं तेल, आणि शेवटी पेपरच सोडून वकिलांना आणि बँकांना माहिती विकायला लागली, २००८ मध्ये रॉयटर्स घेतली. दक्षिण आफ्रिकेतली नॅस्पर्स तर आपल्यासारख्या भाषावाल्यांनी वाचावी अशी. १९१५ मध्ये आफ्रिकानेर लोकांचा पेपर काढायला निघालेली, आधी डच आणि मग आफ्रिकान्स भाषेत, पुढे पे टीव्हीत गेली, आणि २००१ मध्ये टेन्सेंट नावाच्या एका चिनी कंपनीत सव्वातीन कोटी डॉलर घातले, त्याचं काय झालं ते तू गुगल कर आणि मग दहा मिनिटं शांत बस. त्या पेपराच्या राजकारणाबद्दल, वर्णभेदाला दिलेल्या साथीबद्दल, बोलायला वेगळं उत्तर लागेल.

आता इंदूर, कारण तिथं तुझ्या सरांचा 'कंटेंट' अडकतो. कंटेंटनं कंपनी वाढली असती तर 'नई दुनिया' आज जगभर असती. १९४७ मध्ये इंदूरला निघालेला पेपर, राहुल बारपुते, राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी असे लोक तिथं घडले, आमच्या मराठी घरांतसुद्धा शुद्ध हिंदी शिकायची तर नई दुनिया वाच म्हणायचे, वाचकांची पत्रं सदरात नाव आलं की माणूस आठवडाभर ताठ चालायचा. आणि तोच पेपर २०१२ मध्ये 'दैनिक जागरण'वाल्या ग्रुपकडे गेला. 'दैनिक भास्कर' हा हिंदी पेपर भोपाळ-ग्वाल्हेरकडचा, इंदूरला १९८३ मध्ये आला, १९९६ मध्ये जयपूरला गेला तो आधी घरोघरी सर्वे करून, लोकांना विचारून की काय पाहिजे आणि मग बुकिंग घेऊन. २००३ मध्ये अहमदाबादला 'दिव्य भास्कर' गुजरातीत, २०११ मध्ये औरंगाबादला 'दिव्य मराठी'. हिंदी घराण्यानं गुजराती आणि मराठी वाचक जिंकायला निघणं म्हणजे पर्थला गेलेल्या ॲडलेडवाल्यासारखंच, भाषा तिथली, पद्धत इथली. मला वाचायला कोणता आवडायचा ते विचारलंस तर नई दुनियाच. पण तू विचारलंयस कोण पसरलं ते.

आता तुझी ऑफर. चार राज्यं आणि दुबई होईल का, तर कागदाच्या पेपरवर आता तसं होणं मला अवघड वाटतं. बँक आज पेपरची रोकड बघून कर्ज द्यायला धावत नाही, आणि नव्या शहरात जाहिरातदाराला फेसबुक-गुगल आधीच भेटलेलं असतं. पण त्यांच्याकडे जुना कमावता पेपर असेल आणि ते दुसऱ्या कशात जायचं म्हणत असतील, इव्हेंट, शाळा, रेडिओ, घरांच्या जाहिराती, तर वेगळं. मालकाचं कुटुंब एक आहे की भाऊ-भाऊ भांडतायत यावरही खूप आहे, ते इंटरव्ह्यूत कळणार नाही, इमारतीखालच्या पानवाल्याला विचार.

इंटरव्ह्यूत तू विचार की मशीन दिवसातून किती तास चालते, अनसोल्ड, म्हणजे न खपलेला पेपर, किती परत येतो, एजंटांचं डिपॉझिट किती महिन्यांचं आहे, आणि मोठ्या जाहिरात एजन्सीचं पेमेंट किती दिवसांनी येतं. एचआरवाल्याला उत्तरं येणार नाहीत, तो तुला वर पाठवेल, वरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून तुला अंदाज येईल. आणि ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एक दिवस पहाटे चारला हॉकर सेंटरवर जाऊन उभा राहा, कोणाचे गठ्ठे आधी उचलतात, कोणाचे तसेच पडून राहतात ते मोज. हॉकरशी बोलायचं तर त्याचं इन्सर्ट, म्हणजे पेपरात जाहिरातीची पत्रकं, घालून झाल्यावर बोल, आधी बोललास तर शिव्या खाशील. पोहे तिथं सहाच्या सुमारास सुरू होतात, तोपर्यंत चहावर काढावं लागेल.